कसबे बाळापूर आणि एक जावई

मुंबई-पुण्याच्या माणसांना अलीकडे रविवारी पहाटे उठून आपल्याच गावातून पाहुण्याच्या थाटात हिंडण्याचा जो छंद लागला आहे, त्याची मी प्रथम टिंगल केली, नंतर त्याचा मला हेवा वाटू लागला आणि सरतेशेवटी तो रोग मलाही जडला. ज्या बोळातून आयुष्यभर दूध आणि वर्तमानपत्र आणले, त्याच बोळात डोक्यावर टोपी घालून आणि खांद्याला पाण्याची बाटली अडकवून एखाद्या तिशीतल्या माहितगाराच्या मागून जायचे, त्याने 'हा पाहा पेशवेकालीन हौद' एवढे म्हणताच माना डोलवायच्या, हौदाची छायाचित्रे घ्यायची आणि त्याबद्दल रीतसर वर्गणीही मोजायची, हा व्यवहार माझ्या वऱ्हाडी बुद्धीला आतबट्ट्याचा वाटला तर नवल नाही. परंतु हौद, वाडे, पिंपळ, पोपट आणि जुन्या दुकानांच्या पाट्या एवढ्या सामग्रीवर जर पुण्यासारखे गाव आपले मोठेपण दर आठवड्यास नव्याने सिद्ध करू शकते, तर माझ्या बाळापुराने महामार्गावरच्या एका हिरव्या फलकावर समाधान मानून का राहावे, हा प्रश्न मला झोपू देईना.

कारण बाळापूर हे महानगर आहे. ते सध्या तसे दिसत नाही, एवढीच काय ती अडचण. 'परगणे बाळापूर, सरकार नरनाळा, सुभे वऱ्हाड' असा ज्याचा पत्ता अकबर बादशहाच्या दफ्तरात नोंदलेला होता, एलिचपूर वगळता वऱ्हाडात मोगलांचे ज्याच्या तोलाचे लष्करी ठाणे नव्हते, ज्याच्या मागावर विणलेल्या पगड्या एके काळी नावाजलेल्या होत्या, जेथे नक्शबंदी सूफींच्या खानकाहीत हस्तलिखितांचा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेला आणि जेथे मन व म्हैस ह्या दोन नद्यांचा संगम होतो (ही नावे ऐकून बाहेरगावच्या माणसांना जे हसू येते ते मी आता मनावर घेत नाही), त्या गावाची ओळख मला अकोल्याच्या पलीकडे गेल्यावर 'शेगावच्या जरा अलीकडे' अशी करून द्यावी लागते. हा अन्याय दूर करण्याचे कार्य कोणीतरी हाती घ्यावयास हवे होते, आणि निवृत्तीनंतर माणसाला रक्तदाब किंवा इतिहास ह्यांपैकी एक तरी होतोच. मला दोन्ही झाल्यामुळे माझी पात्रता निर्विवाद होती. एका स्थानिक पत्राच्या वार्ताहराने माझा उल्लेख 'ज्येष्ठ इतिहासप्रेमी' असा केला, त्याचे कात्रण मी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले आहे. वास्तविक मी त्याला 'इतिहाससंशोधक' असे स्पष्टपणे, आणि तेही उजव्या हाताने त्याच्या वहीकडे बोट दाखवून, सांगितले होते. परंतु प्रेम आणि संशोधन ह्यांतील अंतर आजकालच्या वार्ताहरांना कळत नाही, आणि कात्रणावर पेनने दुरुस्ती करावी तर शाईचा रंग जुळत नाही.

नगरदर्शन करवायचे तर नगर पाहणारा कोणी हवा. गावातल्या माणसांवर माझा भरवसा नव्हता, कारण आमच्या लोकांना बोलावले तर ते येतात, परंतु येताना स्वतःचा इतिहास घेऊन येतात, आणि तो माझ्याशी जुळत नाही. अशा वेळी मुलगी आणि जावई पुण्याहून शेगावच्या दर्शनाला जाताना वाटेत मुक्कामास उतरले, आणि मला हिंदू कुटुंबव्यवस्थेच्या थोरवीचा साक्षात्कार झाला. सासऱ्याने 'चला, जरा पाय मोकळे करून येऊ' म्हटल्यावर ज्याला नाही म्हणता येत नाही, कंटाळा आला तरी जांभई दाबून धरावी लागते आणि मधूनच पळून जाण्याची सोय नसते, असा श्रोता पुण्याच्या कोणत्याही माहितगाराला वर्गणी परत देऊनही मिळणार नाही.

"अहो, जावई आहेत ते, कैदी नव्हेत," असे घरातून सांगण्यात आले.

"बाबा, आम्हाला बाराच्या आत दर्शनाला पोचायचंय," असे मुलगीही म्हणाली.

मी दोघींकडेही इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आणि जावईबापूंना घेऊन निघालो.

प्रारंभ छत्रीपासून केला. मिर्झाराजे जयसिंगाने बांधलेली म्हणून जी सांगतात ती ही नदीकाठची दगडी छत्री पंचवीस फूट चौरस आणि तेहतीस फूट उंच आहे, एका पुरात तिच्या पायाला धक्का बसला होता आणि पुढे तिची डागडुजी झाली, एवढे ज्ञान मी एका श्वासात दिले. जावईबापूंनी तिच्या नक्षीदार खांबांकडे पाहून 'सुंदर' असे म्हटले, आणि तो शब्द पुरेसा लांब नसल्यामुळे मला पुढे बोलावे लागले. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजीमहाराजांकडून तेवीस किल्ले घेणारा हा मातब्बर रजपूत, दोनच वर्षांनी बऱ्हाणपुरास मरण पावला, आणि तेथेही त्याच्या नावाची एक छत्री आहेच. तेव्हा मराठ्यांच्या तेवीस किल्ल्यांच्या मोबदल्यात आम्हा वऱ्हाड्यांच्या पदरात एक छत्री पडली, ह्या हिशेबाकडे कोणत्याही बखरकाराने लक्ष दिलेले नाही, असे मी म्हणालो. जावईबापू हसले. हसणे खरे होते की जावयाचे होते, ह्याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

छत्रीपासून किल्ल्याकडे सरळ जाता आले असते. परंतु वाटेत नदीचे पात्र लागते, आणि नदीचे पात्र लागले की माझा स्वतःवर ताबा राहत नाही, ह्याचे कारण अबुल फजल आहे.

ज्या गृहस्थाने हिंदुस्थानचे साम्राज्य, त्याचे सुभे, सरकारे आणि परगणे, हत्तींच्या जाती, पाकशाळेतील मसाले, टांकसाळीतील धातू आणि मनसबदारांच्या तैनाती ह्या सर्वांचा ताळेबंद 'ऐने-अकबरी'त घातला, त्या विद्वानाला वऱ्हाडविषयी लिहिताना बाळापुराशी आल्यावर काय नोंदवावेसे वाटले? येथील दोन नद्यांच्या काठी नाना प्रकारचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते पैलू पाडून कौतुकाने जवळ ठेवतात, हे! दिल्लीश्वराच्या दरबारात आमच्या नदीतल्या गोट्यांची दखल घेतली गेली होती, हे वाक्य वाचल्या दिवसापासून माझी मान जी खाली गेली ती अद्याप वर आलेली नाही. म्हणजे लाजेने नव्हे, मी सतत वाळूत पाहत चालतो म्हणून.

ह्या गोट्यांचा उगम बादशाहीहून पुष्कळ जुना आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या सगळ्या दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. ते थंड होताना आत कोंडलेल्या वायूंचे बुडबुडे दगडात पोकळ्या होऊन राहिले. मग लाखो वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका साठवत साठवत कोठे अकीक घडवला, कोठे पांढरी गारगोटी, कोठे तांबडा जास्पर, कोठे एखाद्या पोकळीच्या आत स्फटिकांची रांग. काळा खडक झिजून त्याची काळी माती झाली आणि ती कपाशीच्या कामी आली. गारगोटी मात्र झिजण्यास नकार देऊन अजिंठ्याच्या डोंगररांगेकडून नदीबरोबर गडगडत आमच्या दारी आली. पूर्णेला जाऊन मिळण्यापूर्वी मन नदी हा ऐवज बाळापुरास टाकून जाते, ह्यात मला गावाविषयीची तिची खास आपुलकी दिसते. भूगर्भशास्त्राचे एक अध्यापक ह्याचे कारण प्रवाहाचा मंदावलेला वेग असे देतात. त्यांचा माझा बोलण्याचा संबंध राहिलेला नाही.

ह्या दगडांची एक वाईट खोड आहे. पाण्यात असतात तोवर त्यांच्या रेघा, त्यांचे पिंगट, मधाळ, जांभळट रंग असे काही झळाळतात की अबुल फजलाचे अक्षर न्‌ अक्षर पटते. घरी आणून वाळले की त्यांच्यावर एक करडी कळा येते आणि मग ते केवळ दगड उरतात. पैलू पाडणारा कारागीर आता गावात कोठून आणावा? तेव्हा मी त्यांना पुनःपुन्हा ओले करून पाहुण्यांना दाखवू लागलो, पुढे पाण्याऐवजी खोबरेल तेल वापरू लागलो, आणि एका दुपारी मांडीवर पंचा पसरून एकेका गोट्याला तेल लावीत बसलो असता घरातून बाहेर येण्यात आले, बराच वेळ पाहण्यात आले आणि "स्वतःच्या गुडघ्यांना कधी लावलं नाही एवढं," असे म्हणून आत जाण्यात आले. आमच्या संसारात ह्या संग्रहाचा उपयोगही झालेला नाही असे नाही. उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातले की कापड उडू नये म्हणून जे चार कोपऱ्यांना ठेवतात, ते सारे अकबरकालीन आहेत.

परंतु संग्रहातील सर्वोत्कृष्ट नमुना माझ्याकडे नाही. अंड्याच्या आकाराचा, काळसर, मधोमध पांढऱ्या रेघेचे जानवे घातलेला तो अकीक मी एका श्रावणात नुकताच धुऊन ओट्यावर ठेवला होता, शेजारच्या वृद्ध काकू तिकडून गेल्या, त्यांनी तो पाहिला, हात जोडले, आणि "हा तुमच्याकडे असा उघड्यावर?" असे म्हणून पदरात घालून घरी नेला. मी 'काकू, तो सिलिकेचा' एवढे म्हणेपर्यंत त्याला दुधाचा अभिषेक झाला होता. तेव्हापासून तो त्यांच्या देव्हाऱ्यात आहे. संशोधनासाठी परत मागावा तर एका दगडासाठी देव उठवल्याचे पाप, न मागावा तर विज्ञानाची हानी. शिवाय मध्यंतरी काकूंच्या नातवाला नोकरी लागली आणि तिचे श्रेय त्या नमुन्याकडे गेल्यामुळे आता तो परत मिळण्याची आशा मी सोडली आहे. दर सोमवारी मी शेजारी जाऊन त्याचे दर्शन घेतो. काकूंना मी भाविक वाटतो. ओला असताना तो खरोखरच अप्रतिम दिसतो, आणि तेथे तो कायम ओला असतो. मला तेल लावूनही जे साधले नाही ते भक्तीने साधले आहे.

हे सर्व मी जावईबापूंना वाळूत उकिडवे बसून सांगत असता शेळ्या घेऊन चाललेले एक म्हातारबा काठीवर हनुवटी ठेवून उभे राहिले.

"गोटे येचून राह्यले काय जी?"

"हाव."

"कायले?"

मी त्यांना अबुल फजल सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"असंन बाप्पा. आमी तं थे गोफनीत घालतो. भोरड्या उडवाले लय बेस."

ज्वारीच्या कणसांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे दूर मध्य आशियाकडून येतात. अकबराचे घराणेही तिकडूनच आलेले होते. आणि तिकडून आलेल्यांवर बाळापुरातून दगडफेक करण्याची ही परंपरा अखंड चालू आहे, असा एक सिद्धांत मला तत्क्षणी सुचला. मी तो टिपून घेतला. जावईबापूंनी घड्याळ पाहिले.

बाळादेवीच्या देवळाशी आम्ही हात जोडले, गावाला नाव देणारी हीच ती देवी, आणि वर किल्ल्यात शिरलो. किल्ल्याबद्दल पुष्कळ ठिकाणी असे छापलेले आढळते की औरंगजेबाचा पुत्र मिर्झा आझमशहा ह्याने तो १७२१ साली बांधावयास घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान ह्याने १७५७ साली पुरा केला. ह्यात खोट एवढीच की बापाच्या मागे तख्तासाठी भावाशी झालेल्या जाजऊच्या लढाईत आझमशहा १७०७ सालीच मारला गेला होता. मृत्यूनंतर चौदा वर्षांनी पायाभरणी करणारा हा जगातील एकमेव शहाजादा आमच्या वाट्यास आलेला आहे, हे मी मोठ्या चवीने सांगतो, कारण दुसऱ्यांच्या पुस्तकातील चूक सापडणे ह्यापरते पथ्यकर औषध संशोधकाला नाही. आणि हा माझ्या नगरदर्शनातील परमोच्च बिंदू असल्यामुळे तो सांगून झाल्यावर मी क्षणभर थांबतो.

"मंजुरी त्यांच्या हयातीत मिळाली असेल, बाबा," जावईबापू म्हणाले. "काम सुरू व्हायला चौदा वर्षं म्हणजे काही फार नाही."

जावईबापू स्थापत्य अभियंता आहेत, हे मी त्या धांदलीत विसरलो होतो. आणि त्यानंतर असे झाले की त्या पातळ, पोक्त विटांच्या तटाला त्यांनी हात लावला, बोटाने चुन्याची दर्ज चाचपली, मान वर करून कमानीतील विटांची मांडणी पाहिली, आणि माझ्याकडे लक्ष न देता ते स्वतःशीच बोलू लागले: दगडांच्या मुलखात इतका उंच तट विटांचा का, नदीच्या गाळाची माती पायथ्याशीच आहे म्हणून का, दोन बाजूंनी पूर लागतो तर पाया किती खोल गेला असेल, एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजाकडे जाताना वाट अशी वळवली आहे ती हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून ना? ही शेवटची गोष्ट मीच सांगणार होतो. तिच्यासाठी मी 'गजबल कुंठित करणारी वक्र रचना' असा एक शब्दसमूह घरून तयार करून आणला होता, तो तसाच परत न्यावा लागला. कमानीखालून पाकोळ्यांचे भिरे सुटत होते, तटाच्या भोकाभोकांतून राघू डोकावून पाहत होते, आणि एरवी ज्यांच्याकडे मी माझी प्रजा म्हणून पाहतो ते सारे पक्षी मला त्या वेळी उगाचच गलबला करीत आहेत असे वाटले.

माझ्या आजीला हा किल्ला आहे हे मरेपर्यंत माहीत नव्हते. सरकारी कचेऱ्या किल्ल्यात भरत त्या काळची ती बाई. आजोबा गेल्यावर वावराच्या वारसनोंदीच्या कामासाठी ती पंचक्रोशीतल्या आमच्या खेड्यातून चालत यायची, बरोबर मला घ्यायची, आणि तटाच्या सावलीत फडक्यातली भाकर, ठेचा आणि कांदा सोडून बसायची. मी पोरसवदा उत्साहाने विचारले होते, "आजी, इथं लढाई कोनं केली वं?" ती म्हणाली, "लढाई कायची बाप्पा? थे तं कचेरी होय." मग तिने पदराच्या गाठीतून कागद काढून मांडीवर सरळ केला. तिला अक्षरओळख नव्हती. कागद सुलटा आहे की उलटा हे ती शिक्क्यावरून ओळखायची. आजोबांचे नाव कोठे आहे ते तिने मला बोट ठेवून दाखवायला लावले, आणि त्या जागेवर नखाने एक हलकी खूण केली, म्हणजे पुढल्या वेळी कोणाला विचारावे लागू नये. आज मी आझमशहाच्या सनावळीत चौदा वर्षांची तफावत काढतो, नवाबांच्या वंशावळी पाठ म्हणतो. पण ह्या तटाची उंची मला प्रथम कळली ती त्याच्या सावलीत बसलेल्या त्या ठेंगण्या बाईमुळे. जावईबापूंना मी हे सांगितले नाही. कात्रण चौकटीत लावणाऱ्या माणसाला काही गोष्टी मोठ्याने सांगता येत नाहीत.

तटावरून पाहिले की दूरवर काळी राने पसरलेली दिसतात, आणि तेथे मी हात लांब करून, आवाज थोडा घोगरा करून, '१० ऑगस्ट १७२०' असे म्हणतो. बाळापूरच्या ह्या परिसरात निजामुल्मुल्क आणि दिल्लीत बादशहा घडवणाऱ्या-मोडणाऱ्या सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान ह्यांची गाठ पडली. आलमअलीच्या बाजूस मराठे होते. खंडेराव दाभाड्यांच्या हाताखालच्या दमाजी गायकवाडाने ह्या लढाईत जी तलवार चालवली तिच्यामुळे त्याला शाहूमहाराजांकडून 'समशेर बहाद्दर' हा किताब मिळाला आणि बडोद्याच्या राजघराण्याचे नशीब उघडले. निजाम जिंकला, चार वर्षांनी दख्खनचा धनी झाला, आणि त्यातून हैदराबादचे राज्य उभे राहिले. म्हणजे हैदराबाद आणि बडोदा ही दोन संस्थाने, एकवीस-एकवीस तोफांच्या सलामीची, त्यांतली एक जिंकून आणि दुसरी हरून, आमच्या शिवारातून मार्गस्थ झाली. पुढे १९३६ साली हैदराबादच्या युवराजाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' अशी पदवीसुद्धा देण्यात आली. आणि आमच्याकडे राहिले काय? महामार्गावरचा विनंती थांबा, तोही चालकाची मर्जी असेल तर.

हे मी नेहमीच्या ठेक्यात सांगत होतो. जावईबापूंनी मध्येच विचारले, "आलमअलीचं वय काय होतं?"

विशीच्या आसपास. भाता रिकामा झाला तेव्हा अंगात रुतलेले शत्रूचेच बाण उपटून त्याने ते परत मारले, असे त्या काळच्या लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. हत्तीवरच पडला. ऑगस्टचा महिना, काळी माती. आमच्याकडे त्या दिवसांत चिखल पायातला जोडा सोडत नाही, तेथे हत्ती, घोडे, तोफा आणि पंधरा मैलांवरून की पंधराशे मैलांवरून आलेली, कोणाच्या काकाचे दिल्लीत काय बिनसले आहे ह्याची गंधवार्ता नसलेली माणसे. एवढ्या मोठ्या फडशाची खूण म्हणून आमच्या रानात कोणी एक धोंडा उभा केलेला मी पाहिला नाही. कपाशी मात्र चांगली येते. मी ही लढाई आजवर अनेकांना सांगितली आहे. 'जिंकलं कोण' हे सगळे विचारतात, आणि मीही तेवढ्याचीच तयारी करून जातो. खाली उतरताना आम्ही दोघेही काही बोललो नाही, आणि माझ्या बाबतीत हे घडले म्हणजे घडले, घरी सांगितले तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

खरा राग मला ह्याचाच आहे. आमच्या गावी कोणी येत नाही असे नाही; येतात सगळेच, पण पुढे जाण्यासाठी. मोगल दक्षिणेत जाताना आले. निजाम राज्य करायला हैदराबादेकडे गेला. इंग्रजांचा आगगाडीचा रस्ता आला तो पारसवरून, गावाला काही कोस बाजूला ठेवून. आणि आज त्याच पारसला औष्णिक वीज तयार होते, तारा आमच्या डोक्यावरून पुढे जातात. महामार्ग आला, तो रुंद झाला, आणि जितका रुंद झाला तितके वाहनांना वेग कमी करण्याचे कारण उरले नाही. थांबण्याच्या निखळ हेतूने बाळापुरास आलेला पाहुणा म्हटला तर एकच आठवतो. गावातले बाळकृष्णबुवा आणि त्यांची पत्नी पुतळाबाई दर पौषात दासनवमीसाठी पायी सज्जनगडास जात; म्हातारपणी ती वारी होईना तेव्हा समर्थांनी 'आता मीच बाळापुरास येईन' असा दृष्टांत दिला, आणि माघ वद्य नवमीला बुवांच्या दारात गजाननमहाराज येऊन उभे राहिले, ते बुवांना समर्थ म्हणून दिसले, ही कथा दासगणूंच्या 'श्रीगजानन विजय' ग्रंथात आहे. घरी परतल्यावर हे मी मुलीला पुराव्यासह ऐकवले, आणि स्वतः महाराज जर शेगाव सोडून येथे आले होते, तर तुम्ही बाळापूर सोडून शेगावला जाण्याची घाई करावी ह्याला शास्त्राधार काय, असा बिनतोड सवाल केला.

"बाबा," ती म्हणाली, "महाराज आले तेव्हा त्यांना तुम्ही छत्री दाखवायला नेलं नव्हतं."

चहा झाला. तालुक्याच्या बऱ्याच भागात खारपाणपट्टा आहे, पूर्णेच्या खोऱ्यातील ह्या गाळाच्या जमिनीखालचे पाणी इतके खारे की विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि त्या पाण्याचा चहा प्यायला माणूस पंचक्रोशीतच जन्मावा लागतो, ही माहिती मी नळाच्या गोड्या पाण्याचा चहा पिता पिता दिली, कारण नगरदर्शनात भूजलाचा भाग राहून गेला होता. जावईबापूंनी आनंदाने ऐकून घेतले. गाडी सुरू करून ठेवली होती, त्याचा आनंद असावा. निघताना त्यांनी मात्र असे विचारले की तटाच्या विटांचे माप कोणी घेतले आहे काय, पुढल्या खेपेस फीत घेऊन येतो.

त्या प्रश्नाने माझ्यातला संशोधक पुन्हा उसळला. पुढल्या खेपेस किल्ला नाही; पुढल्या खेपेस शहापूर. अकबराचा मुलगा मुराद ह्याने बाळापुराहून सहा कोसांवर आपल्या छावणीचे नगर वसवले, ऐने-अकबरीत त्याचीही तारीफ आहे. पुढे १५९९ साली दारूच्या पायी मुराद गेला, त्याला दरबारात परत न्यावयास म्हणून जो माणूस नेमका त्याच सुमारास दक्षिणेत येऊन पोहोचला तो दुसरातिसरा कोणी नसून आमच्या गोट्यांचा गुणग्राहक अबुल फजल होता, आणि कारभारी गेल्यावर छावणीचे जे होते ते त्या नगराचेही झाले. तेथे आता पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही, आणि म्हणूनच तेथे जाणकार माहितगारावाचून जाण्यात अर्थ नाही. सूचनापत्रक मी लिहून ठेवले आहे: इच्छुकांनी सूर्योदयापूर्वी छत्रीपाशी हजर राहावे, पाणी, भाकर व ठेचा सोबत आणावा, स्वतःचा इतिहास आणू नये, वर्गणी नाही, जावयांना हजेरी सक्तीची. खाली सही करताना 'इतिहाससंशोधक' हा शब्द मी ठळक अक्षरांत घातला, आणि त्याच्या प्रती काढून आणावयास जो मुलगा गेला त्याने दुकानातून परत येऊन विचारले, "काका, ह्याच्यात 'प्रेमी' राह्यलं, टाकू काय?"